पंधरा कोसांची वाट

वाटेत कुणाला 'गाव किती लांब?' असं विचारलं, तर तो मैल सांगत नाही. 'तासाभराची वाट आहे' म्हणतो. त्याचं म्हणणं किती खरं आहे, ते आज दोन शहरांवरून पाहू.

भारतातलं अमृतसर आणि पाकिस्तानातलं लाहोर. मधलं अंतर अवघं 50 किलोमीटर, म्हणजे पंधरा-सोळा कोस. बैलगाडी जुंपली तरी दोन दिवसांत पोचावी! 1862 साली या दोन शहरांमध्ये आगगाडी सुरू झाली. माणसं सकाळी जात नि दिवेलागणीला घरी परतत.

1947 साली फाळणी झाली आणि या वाटेवर सीमा आली. पुढं 1976 साली समझौता एक्स्प्रेस सुरू झाली. पण अटारी आणि वाघा इथं पारपत्रं नि सामान तपासण्यातच तासन्‌तास जात. 2019 साली ती गाडी थांबली. 2025 साली अटारीचं नाकंही बंद झालं. अशा वेळी विमानानं दुबईवरून वळसा घ्यावा, तर 50 किलोमीटरचे चार हजारांवर किलोमीटर होतात!

गुरुजी, उद्या वर्गात नकाशा लावा. मुलांना पट्टीनं हे अंतर मोजू द्या. लाहोरचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागं असतं, तेही सांगा. मग एवढ्याशा वाटेला इतका वेळ का, हे मुलंच विचारतील. तेव्हा भूगोलाचं पुस्तक मिटा नि इतिहासाचं उघडा.