टाऊन हॉल आणि कर्नल काऊपर
(वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



मुंबईच्या फोर्टातला टाऊन हॉल आपल्यापैकी बहुतेकींनी पाहिला आहे. हॉर्निमन सर्कलसमोरची पांढरी इमारत, समोर रुंद पायऱ्या. सिनेमात ती दिसते. पायऱ्यांवर मुलेमुली फोटो काढतात. पण ती कुणाची कल्पना, हे फारच थोड्यांना ठाऊक असते.

तिचा आराखडा कर्नल थॉमस काऊपर या लष्करी इंजिनिअरने केला. काम 1821 साली सुरू झाले आणि 1833 साली पुरे झाले. पैसा उभा करण्यासाठी आधी सोडती काढल्या. तो पुरला नाही, तेव्हा उरलेला भार कंपनी सरकारने उचलला. इमारत पुरी झालेली पाहणे मात्र काऊपरच्या नशिबी नव्हते. तो आधीच वारला व इतरांनी काम तडीस नेले. ज्या गवंड्यांनी, सुतारांनी आणि हमालांनी घाम गाळला, त्यांची नावे तर कुणी सांगतच नाही.

बांधणी जुन्या ग्रीक देवळांच्या धर्तीची आहे. तीस पायऱ्या चढल्या की आठ भव्य खांब लागतात. हे खांब विलायतेहून जहाजाने आणले होते. त्यांच्या अंगावर उभ्या पन्हळी आहेत, माथ्याशी नक्षी नाही. या घडणीला डोरिक म्हणतात. जवळच मेजर हॉकिन्सने बांधलेली टांकसाळ आहे, ती 1829 सालची. तिचे खांब आयोनिक घडणीचे; त्यांच्या माथ्याशी दोन्हीकडे वेटोळी असतात. हा एवढा फरक ध्यानात ठेवला, तरी पुढच्या वेळी रस्त्याने जाताना डोळे आपोआप वर जातील.

पण भगिनींनो, केवळ खांबांसाठी मी हा विषय घेतला नाही. या इमारतीत एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे. आत नाना शंकरशेट यांचा पुतळा आहे. आपल्या दुर्गाबाई भागवत वर्षानुवर्षे तेथे बसून अभ्यास करीत. असे असता आपल्यासारख्या घरसंसारी बायकांना त्या पायऱ्या चढण्याचा संकोच वाटतो. इतके मोठे खांब पाहून वाटते, हे शिकलेल्यांचे घर, आपले येथे काय काम? मी स्वतः सातवी शिकलेली आहे, म्हणून हे सांगण्याचा मला अधिकार आहे. सोडतीच्या आणि सरकारी पैशातून उभी राहिलेली वास्तू ही साऱ्या गावाची असते.

शिवाय जी वास्तू लोकांना परकी वाटते, तिच्या पडझडीचे कुणाला दुःख होत नाही. भेगेत पिंपळाचे रोप रुजते, चुन्याच्या भिंतीवर कुणी सिमेंट थापतो, मग ओल आत कोंडते आणि भिंत पोखरते. वेळीच ओरड करायला आपुलकी असावी लागते, आणि आत पाऊल टाकल्याशिवाय आपुलकी येत नाही.

म्हणून माझी सूचना अशी की, यंदाची सहल लांब न नेता मंडळाने रीतसर परवानगी काढून टाऊन हॉल पाहावा. मुलींना व सुनांना बरोबर घ्यावे. आणि परत आल्यावर आपल्या आळीतल्या जुन्या घरांकडेही एकदा मान वर करून पाहावे. ती कुणी बांधली, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून ठेवावे. ती माणसे आहेत तोवरच हे काम होण्यासारखे आहे.