धुऱ्यावरचें सरपण



वर्धा जिल्ह्यांतील सेलू तालुक्यांत हिंगणी नांवाचें गांव आहे. तेथून बोरचें अरण्य जवळ. आणि २०१४ सालीं या अरण्यास व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळाला. अशा ठिकाणीं सरपणाची मोळी ही केवळ चुलीची गोष्ट राहत नाहीं. मोळीसाठीं रानांत शिरणाऱ्या बाईच्या जिवाची ती गोष्ट होते. गॅसची टांकी आली हें खरें, परंतु ती पुन्हा भरून आणण्यास दर खेपेस पैसा लागतो. तेव्हां जळण रानांतून आणण्याऐवजीं शेतांतच पिकवितां येईल काय, याचा विचार आज करूं.

हा मुलूख कापसाचा. वेचणी संपली कीं वावरांत पऱ्हाटी उरते, आणि ती हेक्टरीं सुमारें दोन ते तीन टन भरते. ती तशीच उभी ठेवणें धोक्याचें, कारण गुलाबी बोंडअळी उरल्यासुरल्या बोंडांत आसरा घेते. जागच्या जागीं पेटवून देणें ही शुद्ध उधळपट्टी. तिचा भुगा करून, वाळवून, यंत्रानें दाबला म्हणजे घट्ट कांडी तयार होते. डिंक घालावा लागत नाहीं. लांकडांतील लिग्निन नांवाचें द्रव्य दाबाच्या उष्णतेनें मऊ होऊन कणांस सांधतें. व्यापारांत यास पांढरा कोळसा म्हणतात.

येथें एक शंका निघते, आणि ती रास्त आहे. शेतांतलें सर्वच जाळलें तर मातीनें खावें काय? सर अल्बर्ट हॉवर्ड यांनीं १९२४ ते १९३१ या काळांत इंदूरास कंपोस्टची पद्धत बसविली, तेव्हां ही कठीण पऱ्हाटी रस्त्यावर पसरून, बैलगाड्यांच्या चाकांखालीं चिरडून घेऊन मग खतांत घालीत. माझें मत असें कीं, जाड काटकी चुलीस द्यावी. पाला, बोंडांचीं टरफलें, कुटार आणि विशेषतः शेण मात्र खताच्या खड्ड्यासच. गोवरी जळते तेव्हां तिच्यांतील नत्र धुराबरोबर निघून जातें. राखेंत पालाश व चुना तेवढा राहतो.

म्हणूनच राखेचा हिशेब मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रांनीं अशा कांड्या शेंकडा ५ या प्रमाणांत मिसळाव्या, असें धोरण केंद्र सरकारनें ऑक्टोबर २०२१ मध्यें ठरविलें. गिऱ्हाईक मिळालें हें चांगलें. पण तेथें जळलेल्या पऱ्हाटीची राख दगडी कोळशाच्या राखेंत मिसळते आणि हिंगणीच्या वावरांत कधींच परत येत नाहीं. गांवच्या चुलींतली राख पहिल्या पावसाआधीं, सूपभर का होईना, शेतांत पडते.

आतां मुद्दाम पिकवावयाच्या जळणाविषयीं. ज्वारीच्या वावरांत तें नको. धुऱ्यावर व पडीत तुकड्यांत सुबाभूळ लावावी. उरुळीकांचनच्या मणिभाई देसाई यांच्या बाएफ संस्थेनें तिचा प्रसार केला. तोडल्यावर ती पुन्हा फुटते, मुळांवरील गांठींत हवेंतील नत्र बांधते, पाला गुरांस होतो. खड्ड्यांतील कुजलेलें खत रोपास लावतांना दिलें कीं पुढें तिचें तिला भागतें. मात्र शेंगा पिकण्यापूर्वींच फांद्या छाटाव्या. बीं अरण्यांत शिरलें तर तें तण आवरणें कठीण, आणि बोरच्या शेजारीं हें पथ्य मोडून चालणार नाहीं. ज्यास इतकी राखण जमत नसेल, त्यानें बांबू लावावा.

दाबयंत्र एकट्या शेतकऱ्याच्या आवांक्यांतलें नव्हे. तें गांवच्या सहकारी संस्थेनें घ्यावें. वाळवणीचें काम फाल्गुन-चैत्राचें ऊन फुकट करितें. परंतु ज्येष्ठापूर्वीं कांड्या पत्र्याखालीं गेल्या पाहिजेत. ओल लागलेली कांडी फुगते, आणि हातांत घेतांच तिचा पुन्हा भुगा होतो.