लाखातले सात रुपये

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

कवीनं अर्थसंकल्पाच्या वाटेला जाऊ नये असा एक संकेत आहे. तो आज मी मोडतो आहे, कारण विषय एका उकडलेल्या अंड्याचा आहे.

नोव्हेंबर 2023 मध्ये राज्य सरकारनं शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं. अंडं न खाणाऱ्या मुलांना केळं किंवा दुसरं एखादं फळ. कुणाच्या घरच्या रीतीला धक्का नाही, कुणावर सक्ती नाही. मला ही व्यवस्था फार समंजस वाटली होती. जानेवारी 2025 च्या अखेरीस दुसरा शासन निर्णय आला. पदार्थांच्या यादीत अंडा पुलाव होता, पण अंड्यासाठी वेगळे पैसे मिळणार नव्हते. ते शाळेनं लोकसहभागातून उभे करायचे होते.

लोकसहभाग! शब्दांशी माझा रोजचा व्यवहार, म्हणून सांगतो, हा शब्द कानाला फार गोड लागतो. ज्या गावात चार पैसेवाले राहतात तिथं तो खराही ठरेल. पण जिथले आईबाप ऊसतोडीला गेलेत, पोरं आजीपाशी आहेत, त्या तांड्यावर सहभाग कुणाचा मागायचा? कपात बहुतेक वेळा अशीच येते. योजना बंद केली असं कुणी म्हणत नाही. यादीत पदार्थ असतो, ताटात नसतो.

आता हिशेब. या अंड्यांचा वर्षाचा खर्च सुमारे 50 कोटी रुपये असल्याचं तेव्हा वर्तमानपत्रांत आलं होतं. मार्च 2025 मध्ये मांडलेला राज्याचा अर्थसंकल्प होता सात लाख कोटींचा. म्हणजे सरकारच्या दर लाख रुपयांमागे सात रुपये. हा आकडा मी मित्रमंडळींत सांगतो तेव्हा सगळे चुकचुकतात. पण आमदारांपुढे तो फार चालत नाही, हेही सांगायला हवं. त्यांच्याकडे येणारा प्रत्येक जण हेच म्हणतो, की साहेब, आमचं मागणं किरकोळ आहे. वाचनालयवाले म्हणतात, अंगणवाडीवाले म्हणतात. किरकोळ गोष्ट कापायलाही सोपी असते, हे आपल्या ध्यानात येत नाही.

मग बोलायचं काय? मी पाहिलेली बरीचशी निवेदनं एका साच्यातली होती. वर ‘मा. महोदय’, खाली पन्नास सह्या आणि मध्ये देशाचं भवितव्य. भवितव्याला मतदारसंघ नसतो हो! आमदाराला त्याच्या मतदारसंघातली गावं सांगावी लागतात. अमुक शाळा, पट इतका, अंडं घेणारी मुलं इतकी, केळं घेणारी इतकी. अंड्याच्या वारी हजेरी किती आणि इतर वारी किती? हजेरीपट प्रत्येक शाळेत आहे. नोव्हेंबर 2023 ते जानेवारी 2025 हा काळ त्यात नोंदलेला आहे, तो उघडून मोजायला अर्धा दिवस पुरतो. फरक दिसला तर सांगा; नाही दिसला तर तेही लपवू नका, मग पोटाचंच बोला. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, एवढं पुरे.

उसन्या आकड्यांपासून मात्र सावध राहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, 2019 ते 21 च्या, महाराष्ट्रातली 35 टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी निघाली. आकडा खरा, पण तो पाच वर्षांखालच्या मुलांचा आहे. तो शाळेच्या पंगतीला चिकटवलात आणि आमदारांच्या स्वीय सहायकानं तेवढी चूक काढली, की बाकीचं खरंही खोट्यात जमा होतं.

आणखी एक. ‘लाडकी बहीण’ला हजारो कोटी आणि पोरांना अंडं नाही, असं भाषण ठोकायचा मोह होतो. टाळ्याही मिळतात. पण जिच्या खात्यात दीड हजार येतात तिचंच पोर त्या पंगतीत बसलेलं असतं. तिला आपल्या विरुद्ध बाजूला बसवून काय मिळवायचं आहे? उलट तिलाच पुढं करा. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असायलाच हव्यात. प्रत्यक्षात त्यांच्याकडून सही तेवढी घेतली जाते. ‘दादा, त्या दिवशी पोरगी शाळा चुकवत नव्हती,’ असं एखादी आई समोर बसून म्हणाली, तर ते वाक्य आमदारांच्या डोक्यात निवेदनापेक्षा जास्त दिवस राहतं. अर्थात, तसं घडलं असेल तरच तिनं म्हणावं.

तामिळनाडूत एम. जी. रामचंद्रन यांनी 1982 मध्ये शाळेतलं जेवण मोठ्या प्रमाणावर सुरू केलं. 1989 मध्ये करुणानिधींच्या सरकारनं त्यात पंधरवड्याला एक अंडं घातलं. पुढं अंडी वाढत वाढत आठवड्याला पाचपर्यंत गेली. एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन पक्ष आलटून पालटून सत्तेवर आले, पण अंड्याला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. तिथल्या आया अर्थशास्त्र शिकल्या होत्या असं नाही. पोराच्या ताटात काय पडतं याची चर्चा तिथं निवडणुकीत होते, एवढंच.

आपण जातो तेही उशिरा. मार्चमध्ये अर्थसंकल्प मांडून झाल्यावर मोर्चा काढतो. खात्यांचे अंदाज त्याच्या कितीतरी महिने आधी तयार व्हायला लागतात. म्हणून दिवाळीच्या आधी भेटावं. डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात पुरवणी मागण्या येतात, ती दुसरी संधी. आणि भेटीत नुसतं ‘लक्ष घाला’ म्हणू नये. लक्ष सगळेच घालतात. तारांकित प्रश्न विचाराल का, असं स्पष्ट विचारावं आणि प्रश्नाचा मसुदा आपणच कागदावर लिहून न्यावा. मंत्र्यांचं उत्तर छापील मिळतं. त्याची प्रत आणून शाळेच्या फळ्याशेजारी लावा, प्रश्न विचारणाऱ्या आमदारांच्या नावासकट.