रक्तात काय लिहिलंय?



'ते यांच्या रक्तातच आहे' हे आपण पिढ्यान् पिढ्या ऐकत आलो. मी म्हणतो, चला, रक्तात नेमकं काय लिहिलंय ते वाचूच.

पहिली गंमत ही की तयार झालेल्या तांबड्या पेशीत केंद्रकच नसतं. तिची कृती लिहिलेली असते हाडांच्या मज्जेतल्या पेशीत, डीएनए नावाच्या रेणूवर. दोन धागे एकमेकांभोवती पिळलेले. अक्षरं चारच : ए, टी, जी, सी. एसमोर टी, जीसमोर सी. म्हणून एक धागा हाती असला की दुसरा बनवता येतो. ही रचना १९५३ साली वॉटसन आणि क्रिकनी मांडली. त्यामागे रोझालिंड फ्रँकलिन या बाईची क्ष-किरण छायाचित्रं होती.

मूळ प्रत केंद्रकातच राहते. बाहेर जाते ती आरएनए ही नक्कल. रायबोसोम ती तीन-तीन अक्षरांनी वाचतं, एकेका तिकडीमागे एकेक अमिनो आम्ल ओवतं. ती माळ म्हणजे प्रथिन. ही तिकड्यांची भाषा सोडवणाऱ्यांत आपला हरगोविंद खुराना होता; १९६८ चं नोबेल त्यासाठीच.

आता सिकलसेल घ्या. हिमोग्लोबिनच्या कृतीत जीएजीच्या जागी जीटीजी. एक अक्षर बदललं, बस्स. ऑक्सिजन कमी पडला की पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक नळीत अडकते, पोरगं वेदनेनं तळमळतं. विदर्भात आपल्या वस्त्यांत आणि आदिवासी पाड्यांत हा आजार आहे, म्हणून लोक त्याला 'जातीचा रोग' म्हणतात. साफ खोटं! आफ्रिकेत, अरबस्तानात, ग्रीसमध्येही तो आहे. एकाच पालकाकडून हा बदल मिळालेला माणूस मलेरियात जास्त तगतो; म्हणून मलेरियाच्या मुलखात तो टिकला. डास जात विचारत नाही. जातीतल्या जातीत लग्नं लावून त्याला कुंपणात कोंडलं ते माणसांनी.

दोघेही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. तेव्हा लग्नाआधी पत्रिका फेका, रक्त तपासा. वाहक असणं म्हणजे आजार नव्हे, कलंक तर नव्हेच.

२०२३ साली ब्रिटन-अमेरिकेत जनुक-संपादनाच्या उपचाराला मान्यता मिळाली. अमेरिकेतली किंमत बावीस लाख डॉलर! विज्ञानाला अक्षर सापडलं. ते आपल्या वस्तीपर्यंत कोण आणणार, हा प्रश्न मात्र प्रयोगशाळेत सुटणार नाही. तो आपल्यालाच लावून धरावा लागेल.