सम्राटांची थडगी कोणी फोडली?



वसंतातली प्रसन्न संध्याकाळ आणि समोर इतका रसिक श्रोतृसमुदाय असताना वक्त्याने थडग्यांचा विषय काढावा, हे आपल्यापैकी काहींना अरसिकपणाचे वाटेल. पण ही थडगी ज्या नगरीत होती, ती नगरी लुटली गेली तीही वसंतातच. सन १२०४ च्या एप्रिल महिन्यात कॉन्स्टंटिनोपल, म्हणजे आजचे इस्तंबूल, पडले. पाडणारे सैन्य परधर्मीयांचे नव्हते. ज्यांनी छातीवर क्रूस धारण केला होता, जेरुसलेम सोडवू म्हणून ज्यांनी शपथा घेतल्या होत्या, अशा ख्रिस्ती वीरांनी ख्रिस्ती जगातली सर्वांत श्रीमंत नगरी तीन दिवस लुटली. याला इतिहासात चौथे क्रुसेड म्हणतात. त्या लुटीतला एकच प्रसंग मी आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

कॉन्स्टंटिनोपलमध्ये एका टेकडीवर पवित्र प्रेषितांचे चर्च होते. नगरीचा संस्थापक सम्राट कॉन्स्टंटाइन ३३७ साली वारला, तेव्हा त्याला तेथे पुरले. पुढे सहाव्या शतकात जस्टिनियन सम्राटाने ते चर्च नव्याने बांधले आणि शेजारी आणखी एक समाधिगृह उभारले. ३३७ पासून १०२८ पर्यंत, जवळजवळ सात शतके, किती तरी सम्राट आणि सम्राज्ञी तेथे चिरनिद्रा घेत पडल्या. आरंभीच्या काही सम्राटांच्या शवपेट्या इजिप्तमधल्या जांभळ्या दगडाच्या होत्या. तो दगड राजघराण्याचाच मान समजला जाई.

या समाधिगृहात क्रुसेडर शिरले. त्यांनी थडग्यांची झाकणे सरकवली. सोने, मोती, रत्ने, जे हाती लागले ते उचलले. एका पेटीत त्यांना जस्टिनियनचे शव दिसले. हा सम्राट ५६५ साली वारला होता, म्हणजे त्याला जाऊन ६३९ वर्षे झाली होती. तरी देह कुजलेला नव्हता! ही हकीकत सांगणारा निकेटास कोनिएटस हा त्या वेळी नगरीत राहणारा इतिहासकार. तो लिहितो की, लुटारूंना तो चमत्कारच वाटला. पण चमत्कार वाटला म्हणून त्यांनी थडग्यातल्या मौल्यवान वस्तूंना हात लावायचे काही सोडले नाही.

श्रोतेहो, हा जस्टिनियन कोण होता? आया सोफियाचे प्रचंड देवालय त्याने बांधले, हे आपण जाणताच. पण त्याहूनही मोठे काम म्हणजे त्याने रोमन कायद्याचे संकलन करविले. ज्या काळात हे सैनिक त्याच्या अंगावरची रत्ने काढून घेत होते, त्याच काळात इटलीत बोलोन्या येथे विद्यार्थी त्याच्याच कायद्याचे ग्रंथ अभ्यासत होते. मालमत्ता कोणाची, चोरी कशाला म्हणावे, वारस कोण, हे युरोप ज्याच्या ग्रंथांतून शिकत होता, त्याचेच थडगे युरोपच्या शूरांनी फोडले.

हे सैन्य तेथे पोचले कसे? पोप तिसरा इनोसंट याने ११९८ साली क्रुसेडची हाक दिली. १२०१ मध्ये सरदारांनी व्हेनिसशी करार केला. ३३,५०० माणसांना समुद्रापार न्यायचे आणि त्याबद्दल ८५,००० मार्क चांदी द्यायची. व्हेनिसने इमानाने जहाजे बांधली. पण ठरल्या वेळी सुमारे एक तृतीयांशच माणसे गोळा झाली. ३४,००० मार्कांचे कर्ज अंगावर राहिले. कर्जात बुडालेला माणूस आणि कर्जात बुडालेले सैन्य यांत फारसा फरक नसतो. धनको सांगेल तिकडे दोघांनाही जावे लागते. व्हेनिसचा वृद्ध, अंध डोज एन्रिको दांदोलो याने त्यांना प्रथम झारा या ख्रिस्ती शहरावर नेले. तेवढ्यात कॉन्स्टंटिनोपलचा एक तरुण राजपुत्र, अलेक्सियस, त्यांना येऊन मिळाला. त्याच्या बापाचे, आयझॅक सम्राटाचे, डोळे काढून चुलत्याने गादी बळकावली होती. ती परत मिळवून द्या, मी तुम्हाला दोन लाख मार्क देतो, असे त्याने कबूल केले. गादी मिळाली, पैसे मात्र पुरले नाहीत. पुढे राजवाड्यात त्याचा गळा आवळला गेला आणि बाहेर तटाशी बसलेल्या सैन्याने नगरीवर हल्ला चढवला. हल्ल्यापूर्वी त्यांनी पवित्र अवशेषांवर हात ठेवून शपथ घेतली होती की, स्त्रियांना हात लावणार नाही, चर्चे आणि मठ फोडणार नाही. १२ एप्रिलला ते आत घुसले. शपथ तटाबाहेरच राहिली.

येथपर्यंतची गोष्ट बहुतेक पुस्तकांत असते. परके आले, त्यांनी लुटले. आपण हळहळतो आणि पुस्तक मिटतो. पण निकेटास आपल्याला पुस्तक मिटू देत नाही. त्याच्या ग्रंथाची पाने थोडी मागे उलटा. सन ११९७ येते. आणि काय दिसते? याच चर्चमधली, याच सम्राटांची थडगी त्या वर्षी एकदा फोडली गेली होती. फोडणारा कोणी फ्रँक नव्हता, व्हेनिसचा व्यापारी नव्हता. तो होता गादीवर बसलेला सम्राट, तिसरा अलेक्सियस. भावाचे डोळे काढणारा तो चुलता तोच!

झाले असे की, जर्मन सम्राट सहावा हेन्री याने युद्धाची धमकी देऊन ५,००० पौंड सोने मागितले. नाताळच्या दिवशी अलेक्सियसने त्याच्या वकिलांपुढे सारा दरबार रत्नांनी मढवून उभा केला. वैभवाने ते दिपून जातील अशी त्याची कल्पना. वकील दिपले नाहीत; असल्या झगमगाटाची आम्हाला मातब्बरी नाही, असेच त्यांनी सुनावले. घासाघीस होऊन मागणी १,६०० पौंडांवर आली. तेही जवळ नव्हते. मग सम्राटाने सरदार, धर्मगुरू, व्यापारी, कारागीर यांना बोलावून पट्टी द्यायला सांगितले. सभेत एकच गलका झाला. कोणी दमडी द्यायला तयार होईना. देवालयांतल्या भांड्यांकडे वळावे, तर तेथेही विरोध झाला. शेवटी त्याला सुचले की, विरोध न करणारे लोकही आपल्या राज्यात आहेत. ते थडग्यांत निजलेले होते.

थडगी उघडली गेली. सात हजार पौंडांच्या वर चांदी आणि काही सोने निघाले, असा निकेटासचा हिशेब आहे. आणि दैवाचा खेळ पाहा! हे धन रवाना होण्यापूर्वीच, सप्टेंबर ११९७ मध्ये, हेन्री मेसिना येथे मरण पावला. खंडणी द्यावीच लागली नाही. पण फोडलेले थडगे काही त्यामुळे न फोडलेले होत नाही. १२०३ साली क्रुसेडर प्रथम तटाशी आले, तेव्हा हाच अलेक्सियस एका रात्री हजार पौंड सोने आणि रत्ने घेऊन पळून गेला. सोने नेले, राणी मागे राहिली. त्याच्यामागून आलेल्या पुतण्याने क्रुसेडरांचे देणे भागवण्यासाठी देवालयांतल्या मूर्तिचित्रांवरची चांदी वितळवली. आपल्याकडे म्हण आहे, कुंपणानेच शेत खाल्ले. येथे कुंपणाने आधी शेत खाल्ले आणि मग गुरे आत शिरली.

याचा अर्थ क्रुसेडर निर्दोष होते असा मुळीच नाही. आधी एकाने घर फोडले होते म्हणून दुसऱ्याची चोरी माफ होत नाही. पहिल्या हातातून जे निसटले ते त्यांनी नेले. शिवाय चौकातले जुने ब्राँझचे पुतळे वितळवून त्यांची नाणी पाडली, त्यांत लिसिपसच्या हातचा हर्क्युलीसही गेला. घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावरचे चार घोडे व्हेनिसला गेले. ते आजही तेथे आहेत. अपराध त्यांचाच. पण माझा प्रश्न वेगळा आहे. पूर्वजांची ठेव ही वारसाच्या मालकीची, की त्याच्या हवाली केलेली? अलेक्सियसने स्वतःला मालक मानले. अडचण आली, त्याने ती मोडून खाल्ली. मालकाची वस्तू बळजोर माणूस हिसकावून घेतो, एवढेच मग क्रुसेडरांनी केले. ठेवीला ठेव मानणारा कोणी शिल्लकच नव्हता.

सामान्य जनतेला तरी ती आपली वाटत होती का? निकेटास स्वतः मोठा अधिकारी. त्याचे घर आधीच आगीत गेले होते. एका ओळखीच्या व्हेनिसच्या दारूविक्याने त्याच्या कुटुंबाचा जीव वाचवला. १७ एप्रिलला, पत्नी गर्भवती असताना, तो पायी नगरीबाहेर पडला. वाटेत खेड्यातली माणसे या उघड्या पडलेल्या श्रीमंतांना हसली. आता तुम्ही आणि आम्ही सारखे झालो, असा त्यांचा भाव होता. निकेटासला ते झोंबले, पण त्याने ते लिहून ठेवले. ज्या वैभवात आपला वाटा कधी नव्हता, त्याच्या नाशाचे दुःख त्या शेतकऱ्यांनी का मानावे?

आणखी एक थडगे सांगतो. दुसरा बेसिल हा फार पराक्रमी सम्राट. त्याने खजिना इतका भरला की, तो ठेवायला भुयारे खणावी लागली. तो १०२५ साली वारला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे नगरीच्या तटाबाहेर त्याला पुरले. १२६० साली मायकेल पॅलिओलोगस सम्राटाच्या माणसांना तेथल्या पडक्या चर्चच्या कोपऱ्यात एक प्रेत उभे केलेले आढळले. तोंडात गुराख्याचा पावा खुपसलेला! जवळच्या थडग्यावरील लेखावरून कळले की, हा बेसिल. मायकेलने त्याला सन्मानाने दुसरीकडे पुरले. लूट संपल्यावर उरते ती अशी थट्टा.

पवित्र प्रेषितांचे चर्च आज नाही. पंधराव्या शतकात दुसऱ्या महंमद सुलतानाने ते पाडून त्या जागी मशीद बांधली. जांभळ्या दगडाच्या काही प्रचंड पेट्या इस्तंबूलच्या पुराणवस्तुसंग्रहालयाच्या आवारात उभ्या आहेत. २००१ साली पोप दुसरे जॉन पॉल अथेन्सला गेले, तेव्हा कॉन्स्टंटिनोपलच्या लुटीबद्दल त्यांनी जाहीरपणे खेद व्यक्त केला. आठशे वर्षांनी का होईना, १२०४ ची जबाबदारी कोणीतरी उचलली. पण ११९७ बद्दल खेद कोण व्यक्त करणार? ते काम एकट्या निकेटासने केले. परक्यांचे पाप लिहायला त्याच्याजवळ कारणे पुष्कळ होती. त्यांनी त्याला बेघर केले होते. तरी त्याने आपल्या राजाचे पापही त्याच ग्रंथात, तितक्याच कडक शब्दांत लिहिले. ते त्याने लपवले असते, तर आज आपण निश्चिंतपणे सारा दोष बाहेरच्यांवर टाकून घरी गेलो असतो.

त्या नगरीत मालक म्हणवणारे पुष्कळ होते. माझ्या मते खरा वारस तो एकच होता, आणि नगरी सोडून जाताना तो पायी जात होता.