फरशीखालची पाणसळ

(सभामंडपाच्या लोकार्पणप्रसंगी फरशीचे काम पाहणाऱ्या मिस्त्रींनी केलेले भाषण. श्रोत्यांच्या आग्रहावरून ते स्मरणिकेत देत आहोत.)



मला भाषणाची सवय नाही. चाळीस वर्षे हातात थापी धरली, ध्वनिक्षेपक आजच धरतो आहे. चुकलेमाकले पदरात घ्यावे. अध्यक्षसाहेब म्हणाले, "कामाबद्दल चार शब्द सांगा." तेवढेच सांगतो.

काम चालू असताना काही देणगीदार मंडळी पाहायला आली होती. पंधरा दिवस त्यांना उखडलेली जमीन, मुरमाचा ढीग आणि ताणलेल्या दोऱ्या यांखेरीज काही दिसले नाही. एका काकांनी मला विचारले, "मिस्त्री, आमचे पैसे गेले कुठे?" मी म्हणालो, "काका, जमिनीत गेले." काका रागावले. त्यांचा राग रास्त होता. घामाचा पैसा देणाऱ्याने विचारलेच पाहिजे. त्यांचे उत्तर आज सर्वांसमक्ष देतो.

जुनी जमीन डोळ्याला सपाट दिसत होती. आम्ही पाण्याची पारदर्शक नळी घेतली, तिच्यातले बुडबुडे काढले आणि प्रत्येक खांबावर एकाच पातळीची खूण केली. त्या खुणेपासून खाली मोजत गेलो, तेव्हा कळले की गाभाऱ्याकडची बाजू दारापेक्षा साडेतीन इंच खाली आहे. म्हणजे मंडप धुतला की पाणी बाहेर न जाता गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी साचणार. तिथली ओल कुठून येते, हा आपल्या आयाबायांचा जुना प्रश्न होता. त्याचे उत्तर नळीतल्या पाण्याने दिले.

हा फरक नुसता मसाला घालूनही भरता आला असता. एका बाजूला अर्धा इंच, दुसऱ्या बाजूला चार इंच. वरून कुणाला समजले नसते. परंतु जाड मसाला जास्त आकसतो, पातळ कमी आकसतो. मग फरशी खालून सुटते, पायाखाली पोकळ वाजते आणि एखादी जड समई पडली की फुटते. म्हणून भुसभुशीत भाग खणून काढला. सहा सहा इंचांचे थर देऊन, पाणी मारून मुरूम धुम्मसाने ठोकला. त्यावर चार इंच काँक्रीट घातले आणि सात दिवस ते ओले ठेवले. मग एक इंचाच्या आतबाहेर सारखा मसाला पसरून फरशी बसवली. प्रत्येक फरशी थापीच्या दांड्याने वाजवून पाहिली. जी पोकळ वाजली ती काढून पुन्हा बसवली.

आता, पातळी घेणे म्हणजे सगळीकडे सपाट करणे नव्हे. दहा फुटांस सव्वा इंच असा ढाळ दाराकडे दिला आहे. पंगतीला बसलात तर ताटातले वरण कडेला जाणार नाही, पण मंडप धुतलात तर पाणी बाहेर जाईल. पायऱ्यांना गुळगुळीत फरशी लावलेली नाही, खरबरीत लावली आहे. चैत्रात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या यात्रेला जाणारी म्हातारी माणसे इथे टेकतात, आणि आपल्याकडचा पाऊस सर्वांना ठाऊक आहे.

आणखी एक. नोव्हेंबर २०१८ पासून आपल्या डहाणू-तलासरी भागाला भूकंपाचे धक्के बसू लागले. धुंदलवाडीकडच्या लोकांनी थंडीत रात्री घराबाहेर काढल्या. तेव्हापासून मी खांबाभोवती व भिंतीलगत फरशी घट्ट ठासत नाही. पाव इंच फट ठेवून ती लवचीक मसाल्याने भरतो. फटीने भूकंप थांबत नाही. पण उन्हाने वा हादऱ्याने फरशी सरकली, तर तिला जागा मिळते आणि ती उचलली जात नाही.

हे सारे मी कुठे शिकलो? खरे सांगायचे तर चुकून शिकलो. तरुणपणी शहरात एका इमारतीवर होतो. ठेकेदार म्हणाला, "उद्या ताबा द्यायचा आहे, नळी-बिळी ठेव बाजूला." मला दिसत होते की खालचे काँक्रीट वरखाली आहे. तरी गप्प बसलो आणि फरशी बसवली. सुतार दारे लावायला आला, तर दारे अर्ध्यावर फरशीला घासून अडली. तीन खोल्या फोडाव्या लागल्या. सव्वीस दिवसांची मजुरी कापली गेली. त्या महिन्यात घरी पैसे पाठवता आले नाहीत.

मी "नाही" का म्हणालो नाही? कारण माझ्याजवळ कागद नव्हता. ज्याच्याजवळ कागद नाही, त्याचे ज्ञान ठेकेदाराच्या लेखी बिगाऱ्याचेच. पुढे देखरेखीच्या जागेसाठी गेलो, तेव्हाही पहिला प्रश्न हाच झाला, "प्रमाणपत्र आहे का?" बावन्नाव्या वर्षी मी अनुभवाच्या आधारावर होणारी परीक्षा दिली. परीक्षकांनी नळी, दोरी आणि गुण्या हातात दिला, फरशी बसवायला लावली, कारणे विचारली. प्रमाणपत्र घरी आले तेव्हा मुलीने ते मोठ्याने वाचून दाखवले. त्यानंतर मात्र "पातळी घेतल्याशिवाय फरशी बसणार नाही" हे वाक्य मला कुणापुढेही बोलता आले.

तरुण मित्रांनो, तुमच्यासाठी वाटा आहेत. आयटीआयचे शिक्षण देशात १९५० पासून चालू आहे. गवंडीकामाचा अभ्यासक्रम एक वर्षाचा असून आठवी पास मुलाला तो घेता येतो. कोणत्या संस्थेत जागा आहे, याची डहाणूला जाऊन चौकशी करा. ज्यांचा हात आधीच तयार आहे, त्यांच्यासाठी २०१५ च्या कौशल्य विकास योजनेने अनुभवाच्या परीक्षेची सोय आणली. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेतही गवंडी आहे. पाच ते सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये भत्ता आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत अशी तिची रचना आहे. शिवाय वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या कामगाराला कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करता येते. त्यासाठी दाखला लागतो. तो मागायला लाजू नका.

आता देणगीदारांना हात जोडून एक विनंती. आपली नावे दगडावर कोरली आहेत, ते योग्यच झाले. या मंडपावर आपल्याच पाड्यांतील पाच मुलांनी घमेली उचलली. पहिल्या आठवड्यात त्यांना नळी धरता येत नव्हती. शेवटच्या आठवड्यात त्यांनीच माझी चूक दाखवली. उद्यापासून ती पुन्हा पहाटे नाक्यावर उभी राहतील आणि वापीला की वसईला, जो ट्रक नेईल तिकडे बिगारी म्हणून जातील. त्यांचे नाव कुठल्या दगडावर नको. ते एकेका प्रमाणपत्रावर येऊ द्या. फॉर्म भरायला, एसटीच्या भाड्याला, बुडणाऱ्या मजुरीला समितीने थोडा हात दिला, तर पुरे आहे. शिकवण्याचे काम माझे. रविवारी संध्याकाळी याच ओट्यावर बसेन.

काका, तो पैसाही जमिनीतच जाईल. दिसणार नाही. पण त्याच्यावर पाच घरे सरळ उभी राहतील.