पॉवर दिली म्हणजे काय दिलं?

रेडिओ केंद्रानं मला सुचवलं, कायद्यातला असा एखादा इंग्रजी शब्द घ्या की जो सगळ्यांच्या तोंडी आहे, पण वापरताना लोकांची फसगत होते. मला फार शोधावं लागलं नाही. 'पॉवर ऑफ ॲटर्नी'. आपण त्यातली ॲटर्नी तर केव्हाच गाळून टाकली आहे. 'काकांनी पुतण्याला पॉवर करून दिली', 'जमिनीची पॉवर त्याच्याकडे आहे', असं पारावरही ऐकू येतं. दस्तात त्याला मुखत्यारपत्र म्हणतात. एखाद्याच कामापुरतं असलं तर विशेष मुखत्यारपत्र, आणि सरसकट सगळ्या व्यवहारांसाठी असलं तर कुलमुखत्यारपत्र.

आता पॉवर दिली म्हणजे काय दिलं? माझ्या वतीनं अमुक अमुक काम करण्याचा आणि त्यासाठी सही करण्याचा अधिकार दिला. बस, एवढंच. घर माझंच, शेत माझंच, खात्यातली रक्कमही माझीच. मुखत्यार जे करील ते माझ्यासाठी करील आणि त्याचा हिशेब मला देईल. हिशेबाची गोष्ट मी पदरची सांगत नाही. 1872 च्या करार कायद्यात ती स्पष्ट लिहिलेली आहे. मालकानं सांगितलं तसं काम करायचं, मागेल तेव्हा हिशेब द्यायचा, आणि मालकाला अंधारात ठेवून स्वतःचा फायदा करून घ्यायचा नाही. तर पुन्हा सांगतो: अधिकार दिला, मालकी नाही दिली.

हे पुन्हा का सांगतो? कारण कित्येकांनी याच कागदावर जमिनी आणि फ्लॅट 'विकत' घेतले आहेत. मुद्रांक वाचवायचा असतो, किंवा जमीन भोगवटादार वर्ग 2 ची असते आणि जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी मिळालेली नसते. मग काय करायचं? एक साठेखत करायचं, सोबत एक कुलमुखत्यारपत्र, पैसे मोजून द्यायचे आणि म्हणायचं, झाला व्यवहार! सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑक्टोबर 2011 ला 'सूरज लॅम्प' या हरियाणातल्या प्रकरणात निक्षून सांगितलं की अशा कागदांनी मालकी हस्तांतरित होत नाही. मालकी हवी तर नोंदणीकृत खरेदीखतच हवं. त्याच निकालात न्यायालयानं हेही म्हटलं की घरच्या माणसाला कारभार पाहण्यासाठी किंवा विक्रीचं काम उरकण्यासाठी दिलेल्या खऱ्याखुऱ्या मुखत्यारपत्रांना यानं बाधा येत नाही. म्हणजे कागद वाईट नाही, त्याच्याकडून भलतं काम करून घेणं वाईट.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येतो: या कागदातला मजकूर. विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगतो, मुखत्यारपत्र हातात आलं की आधी त्यातली क्रियापदं पेन्सिलीनं अधोरेखित करा. 'भाडे वसूल करणे', 'पावती देणे', 'घरपट्टी भरणे', 'फेरफारासाठी अर्ज करणे'. इथपर्यंत सगळं साधं. मग नवव्या-दहाव्या कलमात हळूच येतं, 'सदर मिळकत गहाण, दान, विक्री अथवा अन्य प्रकारे हस्तांतरित करणे'. आणि शेवटी ते लाडकं वाक्य, 'तसेच मुखत्यारास योग्य वाटतील ती सर्व कृत्ये करणे'.

आता बघा, काम काय होतं? पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं गोळा करायचं. अधिकार काय दिला? तो फ्लॅट दान करून टाकायचा! शेजाऱ्याकडे किल्ली ठेवली ती झाडांना पाणी घालायला, आणि सोबत तिजोरीचीही देऊन टाकली, असा हा प्रकार. हे होतं कसं? टायपिंगवाल्याच्या कॉम्प्युटरमध्ये एक तयार मसुदा पडलेला असतो. वर्षानुवर्षं तोच चालतो, फक्त नावं आणि गट नंबर बदलतात. आणि आपण लिफ्टच्या पाटीवरची सूचना वाचावी तितकंही लक्ष न देता पानापानावर सह्या ठोकतो. रागावू नका, पण साडी घेताना पदर, काठ, पोत सगळं उलगडून पाहणारे आपण, आयुष्यभराच्या कमाईचा कागद मात्र उभ्या उभ्या सही करून देतो. हे बरं नव्हे.

गंमत अशी की त्या लाडक्या वाक्याला कोर्टात लोक समजतात तेवढी किंमत नसते. न्यायालयं मुखत्यारपत्र काटेकोरपणे वाचतात. वर जी ठरावीक कामं लिहिली असतील, त्यांना लागतील तेवढीच ही 'सर्व कृत्ये' असा अर्थ लावला जातो. विक्रीचा अधिकार स्पष्ट शब्दांत दिलेला नसेल तर तो या वाक्यातून ओढून काढता येत नाही. पण तो वाद कोर्टात पोचेपर्यंत तुमची किती वर्षं जातील, याचा विचार करा. त्यापेक्षा मसुदाच नेमका लिहा. कोणती मिळकत, कोणती कामं, किती मुदतीसाठी. विक्री नको असेल तर 'विक्रीचा, गहाणाचा व दानाचा अधिकार नाही' असं स्वच्छ लिहा. विक्रीच करायची असेल तर किमान किंमत लिहा आणि रक्कम कोणाच्या खात्यात जमा व्हावी तेही लिहा. या दोन ओळी पुष्कळ भांडणं टाळतात.

सहीबद्दलही सांगायला हवं. काही मुलं वडिलांची सही हुबेहूब करतात आणि वर म्हणतात, 'पॉवर आहे ना माझ्याकडे!' अहो, पॉवर आहे म्हणून तर स्वतःची सही करायची! वडिलांचं नाव, खाली 'तर्फे मुखत्यार' आणि मग आपलं नाव, आपली सही. दुसऱ्याची सही गिरवण्याचा अधिकार कोणतंही मुखत्यारपत्र देत नाही. तसंच मुखत्याराला तुमचं मृत्युपत्र करता येत नाही. आणि जे फक्त तुम्हाला ठाऊक आहे त्याबद्दल तुमच्या जागी पिंजऱ्यात उभं राहून त्याला साक्षही देता येत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हा अधिकार संपतो कधी? देणारा वारला की संपतो. मुखत्यार वारला तरी संपतो. मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध गुंतलेला असेल तर थोडे अपवाद आहेत, पण घरगुती मुखत्यारपत्राला ते बहुधा लागू पडत नाहीत. वडील सकाळी गेले आणि मुलानं दुपारी बँकेत जाऊन 'पॉवर'वर पैसे काढले, तर ते पैसे त्यानं अधिकार नसताना काढले. मग कितीही चांगल्या हेतूनं असो.

आणि दुसरी गोष्ट, जी पुष्कळांना ठाऊकच नसते. देणाऱ्याची समजशक्ती गेली तरी आपल्याकडे मुखत्यारपत्र संपतं. इंग्लंडमध्ये असं मुखत्यारपत्र करता येतं जे स्मृती गेल्यावरही चालू राहतं. आपल्या कायद्यात तशी सोय नाही. लोक माझ्याकडे येतात आणि म्हणतात, 'आईला आता काही आठवत नाही, म्हणून पॉवर करून घेऊ या.' नाही करता येत. जिला आपण कशावर सही करतोय हे उमगत नाही, तिची सही घेऊन उपयोग नाही. आधी घेतलेली पॉवरही अशा वेळी आधाराला येत नाही. तेव्हा उच्च न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागतो. आणि आईचे व्यवहार, कागदपत्रं, मृत्युपत्र याबद्दल आईशी बोलायचं ते तिला सगळं नीट समजतंय तोवर. हे बोलणं आपण टाळतो. अशुभ वाटतं. त्यात अशुभ काही नाही, मी तुम्हाला सांगतो.

घड्याळ मला खुणावतंय आणि अजून बरंच राहिलंय, म्हणून भरभर सांगतो. नोटरीचा शिक्का म्हणजे सही कोणी केली याची खातरजमा. मजकूर तुमच्या हिताचा आहे याची हमी नव्हे. जमीन-घराचं मुखत्यारपत्र दुय्यम निबंधकांकडे रीतसर नोंदवूनच द्या. परदेशात असाल तर भारतीय वकिलातीत सही करा, आणि कागद इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरून घ्या. महाराष्ट्रात जवळच्या नातेवाइकाला मोबदल्याविना दिलेल्या मुखत्यारपत्राला मुद्रांक थोडाच लागतो. परक्या माणसाला विक्रीचा अधिकार दिलात तर मात्र खरेदीखताइतका.

आणि रद्द करायचं असेल तर मनातल्या मनात रद्द करून चालत नाही. मुखत्याराला लेखी कळवा, बँकेला कळवा, सोसायटीला, भाडेकरूला कळवा. दस्त नोंदवलेला असेल तर रद्दचा लेखही नोंदवा. ज्यांना कळलेलंच नाही, त्यांच्या दृष्टीनं तुमचा मुखत्यार अजून मुखत्यारच असतो. तूर्त घरच्या कपाटात एखादं जुनं मुखत्यारपत्र असेल तर ते काढा आणि त्यातली क्रियापदं तेवढी वाचा.